हरिदासाचा मुलगा, गाण्याचा मास्तर : पं. विष्णु दिगंबर

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली या बाजूस सप्ताहाला गेलो की पहाटे काकडा आटोपल्यावर कुठूनतरी रामधून कानावर येतेच. टाळकरी पोरे ती चटकन उचलतात आणि गांधीजींची चाल म्हणून एकमेकांना सांगतात. सज्जनहो, गांधीजींनी ती घराघरांत पोहोचवली हे खरे. पण चाल बसवण्याचे श्रेय देतात ते पं. विष्णु दिगंबर पलुसकरांना. आम्हा कीर्तनकारांना या पुरुषाविषयी थोडा आपलेपणा अधिक वाटतो, कारण तो हरिदासाच्या घरातला.

कुरुंदवाड म्हणजे कृष्णाकाठ, नरसोबाच्या वाडीच्या शेजारचे संस्थानी गाव. तेथे दिगंबरबुवा कीर्तन करीत. मूळ आडनाव गाडगीळ. पलुस गावावरून पलुसकर झाले. त्यांची परंपरा हरिदासी, आमच्यासारखी फडाची नव्हे. पण नामाला कुठला आलाय फड? त्यांच्या पोटी 18 ऑगस्ट 1872 रोजी विष्णूचा जन्म झाला. बापामागे उभे राहून सूर धरायचा, हेच त्याचे पहिले शिक्षण. पुढे लहानपणीच तोंडाजवळ फटाका उडाला आणि डोळे अधू झाले. लिहिण्यावाचण्याची वाट बंद झाली, तेव्हा मुलाला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणलेली. त्यांच्या पायाशी विष्णु कैक वर्षे राबला.

मिरजेची एक गोष्ट सांगतात. गावात कसलासा समारंभ होता. विष्णूवर राजाची मर्जी, म्हणून त्याला आमंत्रण आले, आणि गुरुजींना नाही. का, म्हणून विचारले तर ते काय, गाणारेच, असे उत्तर मिळाले. ते त्या तरुणाच्या काळजात रुतून बसले.

हे वाचताना आम्हांला मान खाली घालावी लागते. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका घरी काल्याचे कीर्तन झाले. आम्हांला चौरंग, पाट, रांगोळी. आणि दोन तास ज्याच्या थापेवर आम्ही उभे होतो त्या आमच्या पखवाज्याचे पान मागच्या पडवीत. आम्ही पाहिले, आणि निमूट जेवलो. वरण कसे होते तेही आठवते. विष्णु दिगंबर मात्र गप्प बसले नाहीत.

1896 साली त्यांनी मिरज सोडली. राजाश्रय नको, लोकांपुढे तिकीट लावून गायचे, असा नवा पायंडा त्यांनी सौराष्ट्रात पाडला. मग उत्तरेत हिंडत हिंडत लाहोर गाठले, आणि 5 मे 1901 रोजी तेथे गांधर्व महाविद्यालय उघडले. गाण्याची शाळा! तास, फी, हजेरी, परीक्षा, छापील पुस्तके. आज त्यात नवल वाटत नाही, पण त्या काळी विद्या उस्तादाच्या घरात कुलुपबंद असे आणि सभ्य घरातले मूल गाऊ लागले तर बाप काठी उगारी. सुरुवातीला विद्यार्थी फिरकेनात. हळूहळू आले. काही मुले तर वर्षानुवर्षे त्यांच्यापाशीच राहून शिकत. त्यांचे जेवणखाण, शिस्त, संध्या, सगळे मास्तरच पाही. डोळ्यांना धड दिसत नसलेल्या माणसाने स्वरलिपी तयार करून पुस्तके काढावीत, याचे आम्हांला फार कौतुक वाटते.

1908 मध्ये मुंबईत शाळा आली. पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत झाली, ती कर्ज काढून. व्याज भागवायला मास्तर गावोगाव जलसे करीत फिरत. याच सुमारास त्यांचे मन रामनामाकडे ओढले गेले. ख्याल मागे पडून तुलसीरामायण पुढे आले, अंगावर भगवी वस्त्रे आली. नाशकात त्यांनी रामनाम-आधार आश्रम काढला. गाणारे नाराज झाले. एवढी तयारी आणि भजनात घालवली, असे म्हणू लागले. आम्हांला त्यांचे म्हणणे पटत नाही, पण त्यांचे दुःख कळते. शेवटी 1924 साली मुंबईची इमारत लिलावात गेली.

बाण्यात मात्र उणे पडले नाही. 1923 च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनाला हरकत घेतली, तरी त्यांनी वंदे मातरम् पुरे गायले. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीला गांधीजींपाशी राहिले. आश्रम-भजनावली त्यांच्याच हातची, आणि 1930 च्या दांडीयात्रेतही ते चालले.

घरचे दुःख याहून मोठे. मुले होत आणि बाळपणीच जात. एकामागून एक पाळणे रिकामे झाले. इतरांची पोरे सांभाळणाऱ्या या मास्तरांच्या घरात 1921 मध्ये जन्मलेला दत्तात्रेय तेवढा वाचला. आश्रमातल्या भजनांतच तो मोठा होऊ लागला. त्याला हाताशी घेऊन शिकवायची वेळ आली तोच, 21 ऑगस्ट 1931 रोजी, विष्णु दिगंबरांनी मिरजेस देह ठेवला. पोर दहा वर्षांचे.

तेव्हा त्यांनी अन्न घालून वाढवलेली मुले पुढे आली. विनायकराव पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. दत्तात्रेयाला तेथे त्यांनी शिकवले, नारायणराव व्यासांनीही शिकवले. चौदाव्या वर्षी, 1935 मध्ये, तो जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायला. पंजाबातच, जिथे बापाने पहिली शाळा काढली होती. द. वि. पलुसकरांची भजने आमच्या वडिलांच्या पिढीने रेडिओपाशी हात जोडून ऐकली. 26 ऑक्टोबर 1955 रोजी, चौतिसाव्या वर्षी, तोही गेला.