विहिरीवरच्या मोटरीमागचा माणूस : लोहाराचा पोरगा मायकेल फॅरेडे

आपल्या विहिरीवरची मोटर आणि गावाबाहेरची डीपी ज्या शोधांवर चालते, ते शोध एका लोहाराच्या पोरानं लावलेत. त्याचं नाव मायकेल फॅरेडे. ना कॉलेज, ना डिग्री. गणितही त्याला फारसं येत नव्हतं.

त्याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनलगतचा. घरची गरिबी. लिहिणं-वाचणं आणि जुजबी हिशेब आला, तेवढ्यावरच शाळा संपली. चौदाव्या वर्षी तो पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात कामाला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढायचा आणि त्यातले प्रयोग स्वतः करून बघायचा.

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाईकानं त्याला मोठे शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्यानं सगळं टिपून घेतलं, त्याची वही बांधली आणि डेव्हींना पाठवली. त्याच वर्षी अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एकावर एक रचून त्यानं घरच्या घरी बॅटरी बनवली. मार्च १८१३ मध्ये डेव्हींनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून घेतलं.

१८२१ मध्ये त्यानं विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. मोटरीची सुरुवात ती. १८३१ मध्ये चुंबक हलवून तारेत वीज निर्माण केली. जनरेटर अन् डीपीचं तत्त्व तेच.

एवढं नाव झालं, तरी फॅरेडे पोरांना विसरले नाहीत. नाताळात मुलांसाठी होणारी व्याख्यानं त्यांनी १८२७ ते १८६० या काळात १९ वेळा दिली. सगळ्यात गाजली ती साध्या मेणबत्तीवरची. 'सर' ही पदवी मात्र त्यांनी नाकारली. २५ ऑगस्ट १८६७ ला ते गेले.

लाईट गेली की मेणबत्ती आपणही लावतो. मोठं माणूस जवळ असू द्या आणि पोरांना हे दाखवा. फुंकर मारून मेणबत्ती विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच पेटती काडी लावा. वातीला न टेकवताही ज्योत धुरावरून खाली उतरते, कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफ. जळतं ते मेण वाफ होऊनच. आता कोरडा, थंड काचेचा ग्लास ज्योतीवर क्षणभर उपडा धरा. आतून ओलसर धुकं दिसेल. मेण जळताना पाणी तयार होतं, ते हे.

शाळेत प्रयोगशाळा नसेल, तर ती झालीच पाहिजे, त्यासाठी गावानं मागे लागावं. पण तोवर पोरांनी थांबायचं कशाला? आज पोरगं विचारेल, असं का होतं? तेव्हा त्याला गप्प बसवू नका.