दिसते ते सारे अपस्मार नव्हे

चारचौघांत एखादा माणूस कोसळला, त्याचे हातपाय झटके देऊ लागले की पाहणाऱ्यांच्या तोंडी एकच नाव येते : मिरगी. कोणी चप्पल हुंगवितो, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो. पुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच नाव अपस्मार म्हणून उमटते आणि गोळ्या सुरू होतात. पुष्कळदा ते नाव बरोबर असते. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत ते साफ चुकीचे असते. गोळ्या वर्षानुवर्षे चालतात, झटके थांबत नाहीत आणि शिक्षण, नोकरी, लग्न या साऱ्यांवर त्या नावाची छाया पडते. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत अपस्माराहून निराळा असा अपतंत्रक नावाचा झटक्यांचा विकार सांगितलेला आहे. आधुनिक वैद्यकात हा भेद रुग्णशय्येपाशी उभे राहून तपासणाऱ्यांत पॅरिसचे डॉ. झां-मार्तां शार्को अग्रगण्य होत. त्यांनी काय ओळखले आणि त्यांच्या नजरेतून काय निसटले, हे दोन्ही आजही जाणून घेण्याजोगे आहे.

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील घोडागाड्या बांधीत. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता, पण त्याने वैद्यकाची वाट धरली. संधिवात आणि गाऊट या विषयावरील प्रबंधाबद्दल १८५३ साली त्यांना पदवी मिळाली. १८६२ साली ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात वैद्य म्हणून रुजू झाले. पूर्वी येथे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. सतराव्या शतकात त्या जागी निराधार स्त्रियांसाठी आश्रयगृह उभे राहिले. शार्को आले तेव्हा तेथे सुमारे पाच हजार स्त्रिया राहत असत. वृद्ध, पंगू, वेड्या, झटके येणाऱ्या, सगळ्या एका आवारात. महत्त्वाकांक्षी वैद्याला ही नेमणूक नकोशी वाटली असती. शार्को यांना त्यात अभ्यासाचे भांडार दिसले. रुग्णाला समोर बसवून ते दीर्घकाळ नुसते पाहत राहत आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून लक्षणाची गाठ मज्जासंस्थेतील बिघाडाशी घालीत. मल्टिपल स्क्लेरोसिससारखे विकार त्यांनी याच रीतीने स्पष्ट केले. स्नायू झिजविणाऱ्या एका असाध्य रोगाला फ्रान्समध्ये आजही त्यांच्या नावाने ओळखतात.

झटक्यांचा प्रश्न त्यांच्यापुढे आला तो एका प्रशासकीय निर्णयामुळे. १८७० साली रुग्णालयाची एक जुनी इमारत मोडकळीस आली. तेव्हा वेडाचे रुग्ण एकीकडे काढून, अपस्माराच्या आणि त्या काळी हिस्टेरिया म्हटल्या जाणाऱ्या विकाराच्या स्त्रियांना एकत्र ठेवण्यात आले व तो विभाग शार्को यांच्याकडे सोपविण्यात आला. दोन्हींना झटके येतात, एवढेच त्या व्यवस्थेमागचे कारण होते. परंतु एका दालनात राहून एकीचे झटके दुसरी रोज पाहू लागली आणि अपस्मार नसलेल्या स्त्रियांचे झटकेही हुबेहूब अपस्मारासारखे दिसू लागले.

शार्को यांनी या गोंधळातून वाट काढली. १८७२ च्या सुमाराच्या व्याख्यानांत त्यांनी दाखवून दिले की अपस्माराचे झटके एकामागून एक येत राहिले तर अंगाचा ताप झपाट्याने वाढतो व प्राण धोक्यात येतात. दुसऱ्या प्रकारात झटके कितीही आले तरी ताप फारसा चढत नाही. ब्रोमाइड हे तेव्हाचे अपस्मारावरील औषध पहिल्या प्रकाराला लागू पडे, दुसऱ्याला नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की या दुसऱ्या विकारात अपस्माराचे केवळ बाह्यरूप आहे, मूळ रोग वेगळाच आहे.

याहून मोलाची त्यांची दुसरी भूमिका होती. अपस्मार नाही म्हणजे सोंग आहे, असे मानणाऱ्यांच्या पंक्तीला ते बसले नाहीत. हे रुग्ण खरोखर आजारी आहेत, असे ते आग्रहाने सांगत. गर्भाशयाशी जोडलेला हा विकार पुरुषांनाही होतो, हेही त्यांनी सिद्ध केले; अपघातात भेदरलेले रेल्वे कामगार आणि मजूर त्यांनी उदाहरणादाखल पुढे आणले. रोग आणि ढोंग यांच्यामध्ये तिसरी जागा आहे, हे त्या काळी ठासून सांगणे लहान गोष्ट नव्हती.

मग उणे कोठे राहिले? पहिले उणे नावात. भेद कळूनही त्यांनी त्या विकाराचे हिस्टेरो-एपिलेप्सी, म्हणजे अपस्माराशी नाते सांगणारे नाव चालू ठेवले. दुसरे उणे पद्धतीत. त्यांच्या व्याख्यानांना विद्यार्थ्यांखेरीज लेखक, नट, प्रतिष्ठित नागरिक यांची गर्दी लोटे. झटक्याच्या ठरावीक पायऱ्या असतात असा सिद्धांत मांडला गेला आणि रुग्ण स्त्रिया त्या पायऱ्या बरहुकूम दाखवू लागल्या. गुरूला काय अपेक्षित आहे हे त्यांना नकळत उमगत होते. ऑगस्टीन या नावाने प्रसिद्ध झालेली मुलगी १८७५ साली, चौदाव्या वर्षी तेथे दाखल झाली. तिच्यावर झालेल्या बलात्काराची नोंद तिच्या कागदपत्रांत होती. झटक्यांत ती त्याविषयी बोलत असे. तिची छायाचित्रे पुस्तकांतून गाजली, तिच्या बोलण्याचा मात्र उपचारासाठी उपयोग झाला नाही. १८८० साली ती पुरुषवेष करून तेथून निघून गेली. ज्याची नजर इतकी तीक्ष्ण, त्याचा कान तितका तयार नव्हता.

१८८२ साली मज्जासंस्थेच्या रोगांसाठी जगातील पहिले प्राध्यापकपद त्यांच्यासाठी निर्माण झाले. १८८५ च्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून सिग्मंड फ्रॉइड काही महिने त्यांच्याकडे शिकून गेले. रुग्णाचे ऐकण्याचे राहिलेले काम पुढे त्यांनी हाती घेतले. १६ ऑगस्ट १८९३ रोजी प्रवासात शार्को यांचे निधन झाले. या विकारावरील आपले विवेचन नव्याने मांडावे लागेल, असे अखेरच्या दिवसांत त्यांनी सचिवाजवळ बोलून दाखविले होते. ते राहून गेले. पुढे त्यांचेच शिष्य बाबिंस्की यांनी गुरूची या विषयावरील मांडणी मोडीत काढली.

१९२९ साली जर्मनीच्या हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख प्रसिद्ध केला आणि शार्को यांच्याजवळ नसलेले साधन वैद्यकाला लाभले. आज झटक्याचे चित्रीकरण व मेंदूचा आलेख एकाच वेळी घेतला जातो. मेंदूत अपस्माराची लहर नसताना आलेल्या झटक्यांना आता कार्यात्मक झटके म्हणतात व त्यांवर मानसोपचार हा मुख्य उपाय ठरला आहे. हृदयाची लय बिघडल्यानेही माणूस कोसळतो व त्याला झटके येतात. ते न ओळखले तर जीव जाऊ शकतो. काहींना अपस्मार व कार्यात्मक झटके दोन्ही असतात. म्हणूनच शंका आली तरी गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करणे घातक आहे. इतकी साधने हाती असूनही, जर्मनीतील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पहिल्या झटक्यापासून कार्यात्मक झटक्यांच्या अचूक निदानापर्यंत सरासरी सात वर्षांहून अधिक काळ गेल्याचे आढळले.

जर्मनीत ही गत, तर साकोलीसारख्या तालुक्याच्या गावची काय असेल? धानाच्या बांधीत रोवणी करताना एखादी सून कोसळली, तर मज्जासंस्थेच्या तज्ज्ञासाठी सहसा शंभर किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. बसभाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, तपासणीचा खर्च हा हिशेब मांडला की जुनीच चिठ्ठी पुढे चालविणे स्वस्त वाटते. प्रत्यक्षात ते महाग पडते, कारण न लागणाऱ्या गोळ्यांचा खर्च आणि वाया गेलेली वर्षे त्या हिशेबात धरलेली नसतात. नावाची किंमत तर कायद्यानेही वसूल केली आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा विवाहाला बाध आणणारा दोष ठरला. १९९९ साली तो शब्द वगळण्यात आला. कायद्यातून गेलेला शब्द सोयरिकीच्या बैठकीतून मात्र अजून गेलेला नाही. अपस्मार असणाऱ्यावर हा अन्याय आहेच. नसणाऱ्यावर तो दुहेरी आहे.

यावरचा पहिला उपाय महागड्या यंत्रात नाही. झटका पाहणाऱ्या शिक्षकाने, सहकाऱ्याने, घरच्याने घड्याळ पाहावे; डोळे मिटलेले होते की उघडे, झटका किती वेळ टिकला, आधी काय घडले, हे लिहून ठेवावे, जमल्यास चित्रीकरण करावे आणि ते डॉक्टरांपुढे ठेवावे. पाहणे शार्को यांनी शिकविले. त्यांच्याकडून राहून गेलेली गोष्ट, म्हणजे रुग्णाचे म्हणणे त्याला खोटे न पाडता ऐकून घेणे, ही मात्र आपल्यालाच पुरी करावयाची आहे.