एडवर्ड टर्नर

एडवर्ड टर्नर (जन्म : लंडन, २४ जानेवारी १९०१, मृत्यू : १५ ऑगस्ट १९७३) हे इंग्लंडमधील विख्यात मोटारसायकल-रचनाकार व उद्योग-व्यवस्थापक होते. एरियल कंपनीची ‘स्क्वेअर फोर’ आणि ट्रायम्फ कंपनीची ‘स्पीड ट्विन’ या त्यांच्या दोन प्रमुख निर्मिती होत. त्यांपैकी दुसरीने ब्रिटिश मोटारसायकलीचे रूप पुढील तीस वर्षांसाठी ठरवून टाकले.

पूर्वायुष्य

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस टर्नर यांनी काही काळ व्यापारी जहाजांवर नोकरी केली. त्यानंतर दक्षिण लंडनमधील पेकहॅम रोडवर त्यांनी चेपस्टो मोटर्स नावाचे दुकान चालविले. तेथे ते व्हेलोसेट मोटारसायकली विकत, दुरुस्त करीत आणि उरलेल्या वेळात स्वतःचे इंजिन रेखाटीत. एक सिलिंडर असलेली ‘टर्नर स्पेशल’ ही मोटारसायकल त्यांनी तेथेच तयार केली.

स्क्वेअर फोर

चार सिलिंडर एका ओळीत बसविले की इंजिन लांब होते व मोटारसायकलीच्या सांगाड्यात अवघडून बसते. टर्नर यांनी दोन जुळी इंजिने एकामागे एक ठेवून त्यांचे क्रँकशाफ्ट दातेरी चाकांनी जोडले. त्यामुळे चारही सिलिंडर चौरसाच्या चार कोपऱ्यांवर आले आणि इंजिन कमी जागेत मावले. ही कल्पना त्यांनी प्रथम सिगारेटच्या पाकिटावर रेखाटली, अशी आख्यायिका आहे. बीएसएने ती नाकारली. एरियलचे मालक जॅक सँगस्टर यांनी मात्र टर्नर यांना बर्मिंगहॅमला बोलावून घेतले. तेथे व्हॅल पेज हे मुख्य रचनाकार होते, तर तरुण आरेखक बर्ट हॉपवुड टर्नर यांच्या हाताखाली काम करीत. १९३० च्या ऑलिम्पिया प्रदर्शनात ५०० सीसीची स्क्वेअर फोर लोकांसमोर आली. मागच्या दोन सिलिंडरांना पुरेसा वारा मिळत नसल्याने ते तापत. हा दोष मूळ मांडणीतलाच होता. तरीही सुधारित रूपांत ही गाडी १९५९ पर्यंत विकली गेली.

ट्रायम्फ आणि स्पीड ट्विन

कॉव्हेन्ट्री येथील ट्रायम्फ कंपनी आर्थिक अडचणीत सापडून मोटारसायकलींचा व्यवसाय बंद करण्याच्या बेतात होती. १९३६ मध्ये सँगस्टर यांनी तो विकत घेतला व टर्नर यांना व्यवस्थापक आणि मुख्य रचनाकार नेमले. टर्नर यांनी आधी जुन्याच एक-सिलिंडरी गाड्यांना नवा रंग, चकचकीत टाकी आणि ‘टायगर’ हे नाव दिले. यंत्र फारसे न बदलता खप वाढविण्याची ही हातोटी त्यांच्याजवळ अखेरपर्यंत होती.

१९३७ मध्ये आलेल्या स्पीड ट्विनमध्ये ४९८ सीसीचे, दोन सिलिंडर शेजारी-शेजारी असलेले इंजिन होते. त्याचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली होतात, परंतु स्फोट आळीपाळीने घडतात. चार-धावी एक-सिलिंडरी इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा जोर मिळतो. येथे तो प्रत्येक फेरीत मिळतो. आपल्याकडे बुलेटचा संथ ठोका ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा फरक चटकन कळेल. ही मांडणी अगदी नवी नव्हती. पेज यांनी १९३३ मध्येच ट्रायम्फसाठी ६५० सीसीचे जुळे इंजिन रचले होते, पण ती गाडी जड होती व फारशी खपली नाही. टर्नर यांचे इंजिन इतके आटोपशीर होते की ते टायगर ९० च्या सांगाड्यात बसले आणि गाडीचे वजनही वाढले नाही. दुरून पाहणाऱ्यास ते एक-सिलिंडरीच वाटे, त्यामुळे जुन्या वळणाचे गिऱ्हाईकही बिचकले नाही. किंमत सुमारे ७५ पौंड होती.

दोन्ही पिस्टन एकत्र हलत असल्याने या इंजिनाला थरथर मात्र होतीच. इंजिन मोठे होत गेले तशी तीही वाढत गेली. युद्धानंतर बीएसए, नॉर्टन, रॉयल एनफिल्ड आदी बहुतेक ब्रिटिश कारखान्यांनी हीच मांडणी स्वीकारली आणि तिच्याबरोबर हा दोषही.

युद्धकाळ व नंतर

जुलै १९३९ मध्ये टर्नर यांच्या पत्नी एडिथ यांचे मोटार अपघातात निधन झाले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात कॉव्हेन्ट्रीचा कारखाना उद्ध्वस्त झाला. १९४२ मध्ये जवळच्या मेरिडन गावी नवा सुरू झाला. सँगस्टर यांच्याशी मतभेद होऊन टर्नर काही काळ बीएसएमध्ये गेले, परंतु लवकरच परतले. अमेरिकेतील रुंद, लांब रस्त्यांवर अधिक शक्तीची गाडी हवी हे ओळखून त्यांनी १९४९ मध्ये ६५० सीसीची ‘थंडरबर्ड’ आणली. पॅरिसजवळील माँटलेरी येथील धावमार्गावर अशा तीन गाड्यांनी प्रत्येकी ५०० मैल ताशी ९० मैलांहून अधिक सरासरी वेगाने कापले.

१९५१ मध्ये ट्रायम्फ बीएसएला विकली गेली. १९५६ पासून टर्नर संपूर्ण बीएसए गटाच्या वाहन विभागाचे प्रमुख झाले. याच काळात त्यांनी डेमलर मोटारींसाठी रचलेली व्ही-८ इंजिने जाणकारांना आजही आवडतात. १९५९ सालासाठी आलेल्या दोन कार्ब्युरेटरांच्या ‘बॉनव्हिल’ला मात्र ते प्रारंभी फारसे अनुकूल नव्हते. ती ट्रायम्फची सर्वांत प्रसिद्ध गाडी ठरली.

जपानभेट व अखेर

१९६० मध्ये टर्नर यांनी जपानमधील कारखाने पाहिले. तेथील अद्ययावत यंत्रसामग्री व उत्पादनाचा आवाका पाहून परतल्यावर त्यांनी आपल्या उद्योगाला सावध करणारा अहवाल दिला. तो लिहिणारे टर्नर स्वतःच अधिकारपदावर होते. तरीही मेरिडनमध्ये जुनी यंत्रे आणि १९३७ चीच मांडणी चालू राहिली. या अपयशात त्यांचाही वाटा मानावा लागतो. १९६० च्या दशकाच्या मध्यास ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी रचलेल्या ३५० सीसीच्या नव्या जुळ्या इंजिनावर हॉपवुड व डग हील यांना बरेच फेरफार करावे लागले आणि ती गाडी बाजारात आलीच नाही. १९६९ मध्ये होंडाची चार सिलिंडरांची ७५० सीसीची गाडी विक्रीला आली.

१५ ऑगस्ट १९७३ रोजी टर्नर यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात मेरिडनचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली व कामगारांनी तो ताब्यात घेतला. त्यांच्या सहकारी संस्थेने तेथे १९८३ पर्यंत बॉनव्हिल तयार केली, तीही टर्नर यांच्या मूळ मांडणीचेच इंजिन घेऊन.