दिवस मोजणारा राजा

आमेरच्या राजघराण्यात रणशूर पुष्कळ झाले. सवाई जयसिंह यांची कीर्ती मात्र तलवारीपेक्षा सावलीमुळे अधिक टिकली.

त्यांचा जन्म १६८८ साली झाला. पिता बिशनसिंह निवर्तल्यावर अवघ्या अकराव्या वर्षी राज्याची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. मोगलांच्या चाकरीत व मोहिमांत आयुष्य जात असतानाही त्यांची ग्रहगणिताची ओढ कमी झाली नाही. जगन्नाथ सम्राट या महाराष्ट्रीय पंडितांची त्यांना या विद्येत मोलाची साथ लाभली.

पंचांगातील गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसत नाही, हे जयसिंहांना खटकत होते. पितळी यंत्रे लहान असतात, झिजतात, हलतात. तेव्हा त्यांनी दगड-चुन्याची अवाढव्य यंत्रे उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी येथे वेधशाळा झाल्या. १७२७ साली वसवलेल्या जयपुरातील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या तिरप्या भिंतीची सावली एका सेकंदात साधारण एक मिलिमीटर सरकते! सावलीची कड थोडी अंधूक असते, म्हणून वेध घेणाऱ्याची नजरही सरावलेली लागे. पोर्तुगालहून मागवलेल्या युरोपीय कोष्टकांतील चंद्राच्या स्थानाच्या चुकाही जयसिंहांनी हेरल्या.

याच काळात, १७२९ साली, फ्रान्समध्ये द मेरां यांना एक नवल आढळले. अंधारात ठेवलेले लाजाळूसारखे रोपही दिवसा पाने उघडत होते व रात्री मिटत होते. सजीवांच्या आतही दिवस असतो, याची ही पहिली चाहूल होती. जयसिंहांच्या यंत्रांना हा दिवस दिसणारा नव्हता. १७४३ साली त्यांचे निधन झाले. मथुरेची वेधशाळाही पुढे नामशेष झाली.

देहातील दिवस उलगडला तो विसाव्या शतकात. रक्तातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास अगदी कमी असते, पहाटे वाढू लागते आणि जाग येण्याच्या वेळी शिगेला पोहोचते. मेलाटोनिनचा क्रम उलटा आहे. अंधार पडल्यावर ते रक्तात व मेंदूभोवतीच्या द्रवातही वाढते आणि सकाळी ओसरते. या चढउतारांची घडी मेंदूतील एक छोटा पेशीसमूह बसवतो आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ती रोज जुळवून घेतो.

सम्राट यंत्रावरील सूर्यवेळ आपल्या मनगटी घड्याळाच्या सरासरी २७ मिनिटे मागे असते. जयपुरात पहाट होते ती मात्र सूर्याच्याच हिशेबाने, आणि देहातील घड्याळही त्याच उजेडाकडे पाहत असते.