हद्दपार झालेली मुलगी

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील अरण्यात १८५८ साली इंग्रजी सत्तेविरुद्ध मोठा उठाव झाला. त्या उठावाचे एक पुढारी, अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव, यांना १८६० साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. काळे पाणी म्हणताच असे स्वाभिमानी वीर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु इंग्रज सरकारने स्वतःच्या देशातील लोकांनाही समुद्रापार धाडले होते. त्यांत पुष्कळसे भुरटे चोर होते आणि काही तर तुमच्या वयाची मुले होती. मेरी रीबी ही त्यांपैकीच एक.

मेरीचा जन्म १२ मे १७७७ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात बेरी या गावी झाला. तिचे माहेरचे नाव मॉली हेडॉक. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे आजीने तिचा सांभाळ केला. पुढे तिला परक्या घरी चाकरीस ठेवण्यात आले. तेथे तिचे मन रमेना. एके दिवशी मुलाचा वेष करून आणि जेम्स बरो असे नाव धारण करून ती पळून गेली. त्याच वेषात घोडा चोरल्याच्या आरोपावरून तिला पकडण्यात आले. तिचे सोंग उघडकीस आले. पण शिक्षा टळली नाही. त्या काळी इंग्लंडात घोड्याची चोरी हा फाशीचा गुन्हा होता. तेरा-चौदा वर्षांच्या त्या पोरीला स्टॅफर्डच्या न्यायालयाने सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा दिली.

इंग्लंडातील तुरुंग तेव्हा कैद्यांनी भरून वाहत होते. पूर्वी अशा कैद्यांना अमेरिकेत धाडीत. परंतु अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तो मार्ग बंद झाला. म्हणून १७८८ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सिडनी येथे कैद्यांची वसाहत स्थापन करण्यात आली. १८६८ पर्यंत सुमारे १,६०,००० कैदी त्या खंडात पाठविण्यात आले. बहुतेकांना पुन्हा मायभूमीचे दर्शन झाले नाही.

‘रॉयल ॲडमिरल’ नावाच्या जहाजातून चार महिन्यांहून अधिक काळ प्रवास करून मेरी ऑक्टोबर १७९२ मध्ये सिडनीस पोहोचली. जहाजावरूनच तिने नात्यातील एका वडील स्त्रीला पत्र लिहिले. ते आजही सिडनीच्या ग्रंथालयात जपून ठेवलेले आहे. ही जागा वाटली होती तितकी वाईट दिसत नाही, असा धीर तिने त्या पत्रातून घरच्यांना दिला. पंधरा वर्षांची एकटी मुलगी, अनोळखी किनारा आणि पुढे सारा अंधार. अशा वेळी तिने दुसऱ्यांस धीर द्यावा, यातच तिच्या स्वभावाची ओळख पटते.

तेथे एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम तिला मिळाले. १७९४ साली टॉमस रीबी या तरुणाशी तिचा विवाह झाला. हॉक्सबरी नदीच्या काठी त्यांनी शेती केली. पुढे धान्य, कोळसा, लाकूड व कातडी यांचा व्यापार वाढविला, जहाजे घेतली. टॉमस समुद्रावर असे, तेव्हा घर, मुले आणि दुकान मेरी सांभाळी.

१८११ च्या एप्रिलमध्ये टॉमस निवर्तला आणि महिनाभरातच त्याचा भागीदारही वारला. सात मुलांची आई असलेली मेरी तेव्हा चौतिशीतही नव्हती. आता ही बाई सारे विकून टाकील, असेच कोणालाही वाटले असते. पण मेरीबाईंनी वह्या उघडल्या आणि हिशोब हाती घेतला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी सिडनीत नवी वखार उघडली. पुढे आणखी जहाजे घेतली. ऑस्ट्रेलियातील पहिली बँक १८१७ साली निघाली, तिचे कामकाजही त्यांच्याच मालकीच्या इमारतीत सुरू झाले. त्यांचा स्वभाव कडक होता. एका ऋणकोवर हात टाकल्याबद्दल त्याच वर्षी न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. तरीही लोकांचा त्यांच्यावरील विश्वास टिकून राहिला. १८२५ साली एका शाळेच्या नियामक मंडळावर त्यांची नेमणूक झाली.

येथे आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या जमिनींवर ही वसाहत उभी राहिली, त्या ओसाड नव्हत्या. हॉक्सबरीच्या काठी दारुग लोक हजारो वर्षे राहत होते. कैद्यांना नवे आयुष्य मिळाले. पण त्या रानाच्या मूळ मालकांना आपली भूमी गमवावी लागली. अरण्याच्या आश्रयाने राहणाऱ्यांना या दुःखाची खोली सांगावी लागत नाही.

मेरीबाईंची शिक्षा सात वर्षांची. परंतु तिचा डाग त्यांच्या मनातून गेला नाही. १८२० साली त्या मुलींसह इंग्लंडास गेल्या आणि पुढच्या वर्षी परतल्या. १८२८ च्या खानेसुमारीत त्यांनी आपण १८२१ साली स्वतंत्र नागरिक म्हणून आलो, असे नोंदविले. वाक्य खोटे नव्हते. पण त्याच्या आड तो कैद्यांचा प्रवास झाकलेला होता. एवढे वैभव, एवढा मान असूनही घोडा चोरणारी ती पोर त्यांना लपवावी लागली. समाजाने त्या काळी तिला उघडपणे जवळ केले असते, तर कदाचित तशी वेळ आली नसती.

३० मे १८५५ रोजी मेरीबाईंचे निधन झाले. १९९४ पासून ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र छापण्यात येऊ लागले. जिला चोर म्हणून देशाबाहेर काढले, तिचाच चेहरा दुसऱ्या देशाच्या चलनावर आला. माणसाच्या हातून एकदा चूक घडते, ती त्याच्या आयुष्यातील एक घटना असते; ते त्याचे सारे आयुष्य नसते. कोणाला चोर म्हणण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.