दिवाण पूर्णय्या : म्हैसूरच्या खजिन्याचे कारभारी

म्हैसूर संस्थानाच्या इतिहासात हैदर अली, टिपू सुलतान आणि वडियार राजघराणे अशा तीन राजवटींची सेवा करणारे मुत्सद्दी म्हणून दिवाण पूर्णय्या यांचे नाव घेतले जाते. कराचा वसूल कोणी आणि कोणत्या अटीवर करावा, या प्रश्नाशी त्यांचे सारे आयुष्य निगडित होते. त्यांच्या पश्चात हाच प्रश्न संस्थानाच्या मुळावर आला.

पूर्णय्या यांचा जन्म १७४६ च्या सुमारास आजच्या तामिळनाडूत एका देशस्थ माध्व ब्राह्मण कुटुंबात झाला. पितृछत्र लवकर हरपल्याने त्यांना लहान वयातच व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिण्याचे काम पत्करावे लागले, असे सांगितले जाते. विलक्षण स्मरणशक्ती, सुवाच्य अक्षर आणि अनेक भाषांचे ज्ञान यांच्या बळावर त्यांनी श्रीरंगपट्टणच्या दरबारात प्रवेश मिळवला. त्या काळी म्हैसूरच्या हिशेबी दप्तरात कन्नड आणि फारसीबरोबरच मराठीचाही वापर होत असे. हैदर अलीच्या खजिन्याचा कारभार कालांतराने त्यांच्याकडे आला.

डिसेंबर १७८२ मध्ये चित्तूरजवळच्या छावणीत हैदरचे निधन झाले, तेव्हा टिपू मलबारच्या मोहिमेवर होता. तो परत येईपर्यंत ही वार्ता गुप्त ठेवून सैन्य एकत्र राखणाऱ्यांत पूर्णय्या प्रमुख होते. टिपूच्या राजवटीतही अर्थखाते त्यांच्याच हाती राहिले.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. कंपनी सरकारने पाच वर्षांच्या कृष्णराज वडियार तिसरे यांना गादीवर बसवले आणि राज्यकारभार पूर्णय्यांकडे सोपवला. परिस्थिती बिकट होती. युद्धांनी मुलूख उजाड झाला होता आणि तहानुसार कंपनीला दरसाल सात लाख होन खंडणी द्यावयाची होती. अशा वेळी रयतेवर वसुलाचा बोजा वाढवणे हा सोपा मार्ग होता. पूर्णय्यांनी वेगळा मार्ग निवडला. त्यांनी मागील सर्व थकबाकी माफ केली आणि जमिनीचा सारा जुन्या दराने आकारण्याचे जाहीर केले. परागंदा झालेला शेतकरी गावी परतल्याखेरीज वसूल वाढणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

तळी, कालवे, रस्ते यांच्या दुरुस्तीकडे त्यांनी लक्ष पुरवले. श्रीरंगपट्टण येथे कावेरीवर त्यांनी बांधलेला दगडी पूल गव्हर्नर जनरल वेलस्ली यांच्या नावाने ओळखला जातो. कावेरीचे पाणी कालव्याने म्हैसूर शहरात आणण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र यशस्वी झाला नाही. १८०७ मध्ये त्यांना येळंदूरची जहागीर वंशपरंपरेने मिळाली.

पूर्णय्यांवर टीकाही झाली. रयतेच्या गरजेपेक्षा खजिना भरण्याकडे त्यांचा ओढा अधिक होता आणि तरुण महाराजांच्या हाती सत्ता देण्यास ते नाखूश होते, असे आक्षेप घेतले गेले. १८११ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा खजिन्यात दोन कोटींहून अधिक रुपये शिल्लक होते, अशी नोंद आहे. मार्च १८१२ मध्ये श्रीरंगपट्टण येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर ही शिल्लक काही वर्षांतच आटली आणि ‘शर्ती’ पद्धतीचा जाच वाढला. तालुक्याचा अमलदार ठरावीक रकमेचा वसूल देण्याची हमी सरकारला लिहून देई. ही रक्कम बहुधा आदल्या वर्षापेक्षा अधिक असे. वसूल कमी पडल्यास तूट त्याने भरावयाची आणि अधिक आल्यास तो सरकारजमा करावयाचा, असा करार होता. रयतेला त्रास देणार नाही, नवे कर बसवणार नाही, अशीही कलमे मुचलक्यात असत. परंतु ती मोडल्याची तक्रार आली तरी दरबारी दखल घेतली जात नसे. साहजिकच तुटीच्या भीतीने अमलदार रयतेला पिळू लागला. कर बुडवणारा आणि कर लुबाडणारा यांतील भेद पुसला गेला, कारण खरा हिशेब सरकारपर्यंत पोहोचतच नव्हता. याच सुमारास पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती मक्त्याने देण्याची प्रथा अशीच रयतेच्या नाशास कारण ठरली होती.

म्हैसूरमध्ये या असंतोषाचा स्फोट १८३०-३१ मध्ये नगर प्रांतातील शेतकऱ्यांच्या बंडाने झाला. ते निमित्त करून गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी १८३१ मध्ये संस्थानाचा कारभार महाराजांकडून काढून घेतला. पुढे कमिशनर मार्क कबन यांच्या काळात शेकडो किरकोळ कर रद्द करण्यात आले. वडियार घराण्याला राज्य परत मिळण्यास १८८१ साल उजाडले.

पूर्णय्यांचे वंशज पी. एन. कृष्णमूर्ती यांनी १९०१ ते १९०६ या काळात म्हैसूरचे दिवाणपद भूषवले. कर वसूल करणाऱ्यावर देखरेख आणि कर देणाऱ्याला दाद मागण्याची सोय, या दोन्ही गोष्टी नसतील तर भरलेला खजिनाही राज्य वाचवू शकत नाही, हे पूर्णय्यांच्या नंतरच्या दोन दशकांनी दाखवून दिले.