फ्रायर जॉर्डेनस : ठाणे-सोपाऱ्याचे मध्ययुगीन साक्षीदार

चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, त्यांचा प्रत्यक्ष सहवास लाभलेल्या माणसांना विचारून गोळा केल्या, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या पुढच्याच पिढीत सह्याद्रीपलीकडे, कोकणकिनाऱ्यावर, एक परदेशी लेखक वावरत होता. त्याला मराठी साहित्याच्या इतिहासात स्थान नाही. तथापि आपल्या भूमीविषयीचे साधन म्हणून त्याचे लेखन आपण वाचले पाहिजे. कोपरगावसारख्या गोदाकाठच्या गावी राहून यादवकाळाचा अभ्यास करणाऱ्यास तर त्या काळाची दुसरी, समुद्राकडची बाजू येथे दिसेल.

जॉर्डेनस कातालानी हे दक्षिण फ्रान्समधील सेवेराकचे, डोमिनिकन संघाचे फ्रायर. फ्रायर म्हणजे एका मठात स्थिर न राहता, भिक्षावृत्तीने राहून उपदेश करीत फिरणारा कॅथलिक संन्यासी. इराणातील तब्रीझ येथून चार फ्रान्सिस्कन फ्रायरांसह ते निघाले. जायचे होते केरळातील कोल्लमला. परंतु वाऱ्याने जहाज ठाण्यास आणले. यादवांचे राज्य नुकतेच बुडाले होते आणि ठाण्यात दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता.

ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबे होती. त्यांपैकी एका घरी फ्रान्सिस्कन उतरले. जॉर्डेनस उत्तरेकडे भडोचच्या वाटेला लागले असताना या यजमानाच्या घरी पतिपत्नीचे भांडण झाले. पत्नीने काजीकडे दाद मागितली आणि साक्षीसाठी पाहुण्यांची नावे सांगितली. न्यायालयात घरगुती तंटा बाजूला राहिला व धर्मविषयक वाद पेटला. उत्तरे कठोर झाली. एप्रिल १३२१ मध्ये चौघांचाही वध झाला. वार्ता कळताच जॉर्डेनस परतले आणि त्यांनी सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. थोड्याच काळाने आलेल्या ओडोरिक या फ्रायराने त्या अस्थी उकरून चीनपर्यंत नेल्या.

यानंतर जॉर्डेनस जवळजवळ एकटे होते. १३२१ च्या ऑक्टोबरात घोघ्याहून आणि १३२४ मध्ये ठाण्याहून त्यांनी पाठविलेली पत्रे उपलब्ध आहेत. दुसऱ्या पत्रात चाचांनी पकडल्याची, कैदेची, आजारपणाची, उपासमारीची हकिकत आहे आणि मदतीला माणसे धाडण्याची विनवणी आहे.

युरोपात परतल्यावर त्यांनी ‘मिराबिलिया डिस्क्रिप्टा’ हा छोटा लॅटिन ग्रंथ लिहिला. नावाप्रमाणे तो नवलांचा ग्रंथ असला, तरी त्यातील बरेच वर्णन डोळसपणे केलेले आहे. फणस झाडाच्या बुंध्यालाच लागतो, हे त्यांनी टिपले आहे. एका गोड, रसाळ फळाचे नाव ते ‘अनिबा’ असे देतात. हा आपला ‘आंबा’ असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पारशांची अग्निपूजा, छप्पर नसलेल्या मनोऱ्यात मृतदेह पक्ष्यांसाठी ठेवण्याची त्यांची रीत, मलबारात मुलाऐवजी भाच्याकडे जाणारा वारसा हे सर्व येथे आहे. एका चितेवर पाच स्त्रिया जिवंत जाताना आपण पाहिले, असेही ते नोंदवितात. येथील लोकांची सत्यवचनी वृत्ती आणि खाण्यापिण्यातील स्वच्छता यांची त्यांनी मोकळेपणाने प्रशंसा केली आहे. त्याच लोकांच्या उपासनेकडे मात्र ते धर्मप्रचारकाच्याच नजरेने पाहतात. ग्रंथ वाचताना ही मर्यादा विसरू नका.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब वेगळीच आहे. जॉर्डेनस भारताचे तीन भाग कल्पितात. त्यांपैकी तिसऱ्या भागात, म्हणजे आफ्रिकेकडच्या प्रदेशात, आपण स्वतः गेलो नाही; तेथील नवले विश्वासू माणसांकडून ऐकली, असे ते आधीच सांगून टाकतात. डोक्यावर मणी असलेले नाग आणि प्रचंड रुख पक्षी भेटतात ते नेमके याच भागात! भाबडेपणा त्यांच्यात आहेच, परंतु पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ त्यांनी येथे होऊ दिली नाही. त्यांना इतिहासकारांच्या पंक्तीत बसवायचे ते या कारणासाठी.

१३२९ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमले. पुढील वर्षी तेथील नसरानी ख्रिस्ती समाजप्रमुखासाठी पोपचे पत्र त्यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यानंतरचा त्यांचा माग साधनांतून लागत नाही. ग्रंथ १८३९ मध्ये पॅरिसला छापला गेला. १८६३ मध्ये हेन्री यूल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

पुढे जाण्यापूर्वी लीळाचरित्रातील कोणतीही एक लीळा निवडा. तिच्यातील कोणता भाग सांगणाऱ्याने पाहिलेला व कोणता ऐकलेला असावा, ते वहीत दोन रकाने करून लिहा.